बांबूच्या बेटातलं शिंग

नाल्याच्या ओल्या वाळूत पंजा उमटला होता आणि त्याच्या खळग्यात अजून पाणी झिरपत होतं. म्हणजे जनावर जाऊन फार तर एक चिलीम ओढून होईल एवढा वेळ झाला असेल. मी जागच्या जागी थांबले. माझ्या मागे दहा-बारा पावलांवर कौतिका येत होती. सागाच्या वाळक्या पानांवर तिची पावलं चर्र चर्र वाजत होती.

मी पाय उचलला, पंज्यावर ठेवला आणि टाच फिरवून वाळू सारखी केली.

"काय झालं, बाई?" तिनं मागून विचारलं.

"काई नाई. वाळू ओली हाये. सांभाळून ये."

कौतिका माझी सवत. त्या वेळी ती एकोणीस-वीस वर्षांची असेल, मी एकतीसची. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. दोन लेकरं झाली आणि दोन्ही सव्वा महिन्याच्या आत गेली. तिसरं राहिलंच नाही. मग इस्तारीनं, म्हणजे आमच्या नवऱ्यानं, वैनगंगेकाठच्या सपाट मुलखातून ही आणली. आणली त्या दिवशी मीच तिच्या पायांवर पाणी घातलं. लोक म्हणाले, मोठीचं मन मोठं. माझं मन कसं होतं ते मला ठाऊक.

आठ महिने आम्ही एका चुलीवर रांधत होतो. भांडण एकदाही झालं नाही. भांडायला ती तोंडच उघडत नसे. मी सांगेन ते करायची, वाढेन ते खायची, आणि रात्री पलीकडच्या खोलीत जायची. मी अलीकडे पडून असायची. कुडाची भिंत किती पातळ असते, ते ज्याचं त्याला कळतं.

तो चैत्राचा शेवट होता. त्या दिवसांत सांबरं शिंगं झाडतात. आता झडलेलं शिंग उचललं तरी गुन्हा आहे, पण तेव्हा आमच्या हिरडीटोल्याच्या वस्तीत निम्मी माणसं शिंगं वेचायला जायची. कुणी सुऱ्यांना त्याच्या मुठी करी, कुणी वैद्याला नेऊन देई. उगाळून लेप दिला की छातीचं दुखणं आणि सूज उतरते म्हणत. माझा बाप या कामात पटाईत होता. त्याच्या मागे हिंडून हिंडून मला सगळं जंगल पाठ झालं होतं. ऊन पाठीवर ठेवून चालायचं. शिंग शोधायचं नाही, नुसतं पांढरं टोक शोधायचं. वणवा लागून गेलेली जागा आधी बघायची. आणि उशीर करायचा नाही, कारण सायाळ रात्रीतून शिंग कुरतडून टाकते.

त्या वर्षी इस्तारीच्या पायावर बैलानं पाय दिला होता. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला होता. खाटेवरून तो म्हणाला, "दोघी जा. एकीनं पाहायचं, एकीनं वाहायचं."

कौतिकेनं फक्त एवढंच विचारलं, "तिकडं जनावर असते का?"

"मोठीले विचार," तो म्हणाला. "तिच्या बापाचं जंगल हाये ते."

मी म्हटलं, "असते. पण माणसाच्या वाटेले जात नाई."

उजाडता उजाडता निघालो. दोन तास हिंडून हाताला लागलं ते एक चितळाचं शिंग, तेही अर्धं सायाळीनं खाल्लेलं. जळलेल्या पट्ट्यात सांबराचं एक सापडलं, पण लहान. ती दोन्ही कौतिकेच्या डोक्यावरच्या टोपलीत होती. पेजेनं भरलेला भोपळ्याचा तुंबा माझ्या खांद्याला. ऊन तापायला लागलं होतं. आणि मग तो नाला आला.

पंज्याचा रोख वरच्या अंगाला होता, बांबूच्या बेटाकडे. डावीकडे टेकडीची वाट होती, चांगली मळलेली. त्या वाटेनं गेलं असतं तर दुपारी घरी पोचलो असतो.

मी डावीकडे वळले नाही.

तू काय ठरवलं होतंस, असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येणार नाही. ठरवलं काहीच नव्हतं. नुसती वळले नाही.

नाल्याच्या कडेनं आम्ही वर जायला लागलो. मला भीती वाटत नव्हती असं नाही. इतकी वाटत होती की दातावर दात बसत नव्हते, म्हणून मी जीभ मध्ये धरली होती. पण ती भीती माझ्या पायांपर्यंत पोचत नव्हती. पाय आपले चालत होते.

एकाएकी कुठंतरी वर माकड खोकलं. खॅक. थोडं थांबून पुन्हा, खॅक. मग दुसरं.

"बाई, माकडं काहून वरडतात?"

"आपल्याले पाहून."

"आपण तं केव्हाच्या आलो."

मी मागे वळूनही पाहिलं नाही. तिची पावलं थोडा वेळ थांबली होती. मग पुन्हा वाजायला लागली.

बेटाच्या अलीकडे थोडी मोकळी जागा होती. तिथं एक जुना मोह होता, कमरेच्या वर फांदी फुटलेला. मी त्याच्याशी थांबले आणि समोर बघितलं. बांबूच्या सावलीत, पानांत अर्धं रुतलेलं, सांबराचं शिंग पडलं होतं. तीन फाट्यांचं. माझ्या हाताएवढं लांब आणि मनगटाएवढं जाड. एवढं शिंग माझ्या बापालाही वर्षातून एखादंच सापडायचं.

"दिसलं का?" मी विचारलं.

"दिसलं."

"जा, आण ते."

ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या कपाळावरून घाम गालावर ओघळला होता. "तुमी नाई येत?"

"माह्या पायात काटा गेला."

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. टोपली उतरून खाली ठेवली, पदर खोचला आणि निघाली.

माझा हात मोहाच्या सालीवर होता. पाय कुठं टाकायचा, फांदी कुठली धरायची, हे मी तोवर बघून ठेवलं होतं.

चाळीसेक पावलं असतील. ती हळू चालत होती. वारा नव्हता. माकडंही गप्प झाली होती. तिनं वाकून शिंग ओढलं, ते पानांतून सुटलं, आणि ती तशीच वाकलेली राहिली. बेटाच्या आत काहीतरी बघत होती. माझ्या कानावर बारीक आवाज आला. मांजराची पिल्लं ओरडतात ना, तसा.

"बाई," ती हळूच म्हणाली, "इथं पिल्लं..."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. आवाज आला तो कानांनी ऐकलाच नाही, छातीत आदळला. बांबू मोडले. पिवळं काहीतरी बाहेर आलं, दोन झेपांत मोकळ्यावर आलं आणि तिथंच थबकलं, कान मागे टाकून, जमिनीला पोट लावून. कौतिकेच्या हातातलं शिंग पडलं. ती पळाली. मी तोवर झाडावर होते.

वाघीण दुसऱ्यांदा गरजली तेव्हा कौतिका बुंध्याशी आली होती. तिला झाडावर चढता येत नव्हतं. धानाच्या बांध्यांत वाढलेली पोर, झाडावर कशाला चढली असेल? तिनं दोन्ही हातांनी बुंधा कवटाळला, पाय घसरले, पुन्हा कवटाळला. मग तिनं वर हात टाकला आणि माझा घोटा धरला.

तिची नखं माझ्या कातडीत रुतली. माझ्या पायाला तेव्हा चांगली ताकद होती. एक झटका दिला असता तर हात सुटला असता.

मी खाली वाकले, तिच्या काखेत हात घातला आणि तिला वर ओढलं. विचार करून ओढलं असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच नव्हता. तुंबा खांद्यावरून सुटला, खाली आपटून फुटला आणि पेज मातीत गेली.

आम्ही अजून वरच्या फांदीवर सरकलो. वाघीण आली. झाडाभोवती फिरली. मागच्या पायांवर उभी राहून तिनं बुंध्यावर पंजे रोवले आणि ओढले, तेव्हा सालीच्या चिपा उडाल्या. तिचं तोंड आमच्या खालच्या फांदीच्या जरासं खाली आलं होतं. तोंडाची घाण वर येत होती. माझं लुगडं ओलं झालं. ते माझ्यामुळे झालं की कौतिकेमुळे, ते मला कळलं नाही. आम्ही एकमेकींना इतक्या चिकटून बसलो होतो.

मग वाघीण खाली उतरली आणि चाळीसेक पावलांवर, बेटाच्या तोंडाशी जाऊन बसली. आमच्याकडे तोंड करून.

सूर्य डोक्यावर आला. उतरायचं नाव नव्हतं. लाल मुंगळ्यांची रांग फांदीवरून जायची ती आमच्या अंगावरून जायला लागली. चावले तरी हात हलवायची सोय नव्हती, कारण जरा हललो की खाली शेपटी हलायची. जीभ टाळूला चिकटली. कौतिकेच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. मी तिला हळूच म्हटलं, "डोळे मिटू नको. चक्कर येते."

"नाई मिटत."

"उजव्या हातानं वरची फांदी धरून ठेव."

तिनं धरली. बराच वेळ गेला. मग ती खाली बघत म्हणाली, "मले वाटलं, तुमी वरडाल तरी."

"वरडले ना मी! पळ म्हणून वरडले."

"नाई वरडल्या, बाई."

मला अगदी पक्कं आठवत होतं की मी ओरडले होते. मी तिला तसं सांगायला तोंड उघडलं, पण घसा चाचपून पाहिला तर तो ओरडल्यासारखा लागत नव्हता. मी तोंड मिटलं.

"नाल्यावर तुमी पायानं वाळू सारली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. घरात एखादी वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुमच्या पायाच्या इकडून अर्धा पंजा दिसत होता. तो पुसायचा राहिला होता."

खाली वाघीण होती, पण त्या क्षणी मला तिची भीती उरली नाही. शेजारी बसलेल्या या पोरीची वाटली.

"तुले वाघाचा पंजा समजते?"

"नदीवर पाणी प्याले येते. लहानपणापासून पाह्यला हाये."

"मंग तू परत काहून नाई फिरली?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली.

"कोठी फिरू, बाई? मले वाट माहीत हाये का? ह्या जंगलात मले तुमच्याशिवाय कोण होतं?"

नाल्यापासून बेटापर्यंत ती माझ्या मागे मागे आली होती ती हे सगळं माहीत असून. मी शिंग आण म्हटलं तेव्हा माझ्या पायाकडे पाहिलं होतं तेही माहीत असून. नाही म्हटलं तर मी तिथंच टाकून जाईन, या भीतीनं ती त्या बेटाकडे गेली होती. पुढे जनावर होतं आणि मागे मी.

ऊन कलायला लागलं.

सावल्या लांब झाल्या तेव्हा वाघीण उठली. बेटात शिरली आणि थोड्या वेळानं बाहेर आली. तिच्या तोंडात पिल्लू होतं, मानेला धरलेलं, पाय लोंबत असलेलं. आमच्याकडे एकदा बघून ती नाला ओलांडून पलीकडच्या झाडीत गेली. आम्ही पाहिलं म्हणून ती पिल्लं हलवत होती.

"आता?" मी पुटपुटले.

"थांबा," कौतिका म्हणाली.

वाघीण परत आली. मोकळ्या तोंडानं. पुन्हा बेटात शिरली, दुसरं पिल्लू उचललं, पुन्हा नाल्यापलीकडे गेली. आम्ही कान देऊन बसलो. पलीकडे पानं वाजत वाजत लांब गेली आणि मग वाजायची थांबली. बेटात चिडीचूप होतं. मी आवाजाची वाट पाहिली. काहीच नाही.

"झालं," मी म्हटलं. "गेली. आत्ताच उतरलं पायजे. अंधार पडला तं वाट दिसनार नाई."

ती काही बोलली नाही.

मी खालच्या फांदीवर उतरले. पाय इतके बधिर झाले होते की फांदीवर टेकले तरी कळत नव्हतं. त्याखालच्या फांदीवर उतरले. वर पाहिलं. कौतिका तिथंच बसली होती, माझ्याकडे बघत. तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी बुंध्याला मिठी मारली आणि एक पाय खाली सोडला. जमीन हातभर राहिली असेल.

"बाई," ती वरून म्हणाली. "तीन हायेत."

मी वर बघितलं.

"तीन पिल्लं हायेत. म्या पाह्यली. अजून एक हाये आत."

मला समजायला वेळ लागला. मग मी हातांनी, गुडघ्यांनी, दातांनी वर चढायला लागले. पायाखालची फांदी मोडली. तिनं वरून माझा दंड पकडला आणि खेचलं. मी फांदीवर पोटावर पडले, आणि तेवढ्यात वाघीण नाल्यातून वर आली. आवाज न करता. जिथं माझा पाय लोंबत होता, बरोबर त्या जागेवरून ती गेली. मोडलेली फांदी हुंगली. मान वर केली.

तेवढ्यात बेटातून बारीक आवाज आला आणि ती तिकडे वळली.

कौतिका किती वेळ गप्प बसली होती, ते मला माहीत आहे. मी दोन फांद्या उतरून झाले होते. त्याबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. माझ्याकडे विचारायला तोंड नव्हतं.

तिसरं पिल्लू घेऊन वाघीण गेली, ती आली नाही. तरी आम्ही बसून राहिलो. मी कौतिकेला विचारलं, "उतरायचं का?" हे विचारताना मला पोरीसारखं वाटलं. ती म्हणाली, "हो. आता उतरू."

सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. टोपली, शिंगं, सगळं तिथंच सोडलं. नाल्याशी आलो तेव्हा ती थबकली. वाट एका माणसापुरती होती. माझा बाप सांगायचा, जनावर नेहमी शेवटच्याला उचलते. मी म्हटलं, "तू पुढं हो. मी मागून सांगतो कुठं वळायचं ते."

ती पुढे झाली. "डावीकडे," मी म्हणायची, ती वळायची. "दगडाच्या इकडून." ती इकडून जायची. माझ्या पाठीला डोळे फुटले होते. पान हललं की मानेवरचे केस उभे राहायचे. मी एकदाही मागे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिथंच बसले असते. गावातली कुत्री भुंकलेली ऐकू आली तेव्हा मी रस्त्यातच बसले आणि ओकले. पोटात पाण्याचा थेंब नव्हता तरी ओकत राहिले. ती उभी राहून वाट बघत होती. जवळ आली नाही.

घरी दिवे लागले होते. इस्तारी खाटेवर उठून बसला. "शिंगं कोठी हायेत?"

"जनावर होतं," कौतिका म्हणाली. "दिवसभर झाडावर होतो. बाईनं मले ओढून घेतलं वर, नाईतं गेलती मी."

इस्तारीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं. पंधरा वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं पहिलं. मी आत गेले आणि चुलीपुढे बसले. विस्तवाकडे बघत राहिले, पण पेटवता येईना.

रात्री ती पलीकडच्या खोलीत गेली नाही. दाराशी, बाहेरच्या अंगाला, घोंगडी अंथरून बसली. मीही जागी होते. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, सगळ्या टोल्याला जागं करील. ती नुसती बसून होती. मी कूस बदलली की तिची मान माझ्याकडे वळायची.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. शेजारचा लच्छू बाजाराला गाडी जुंपत होता. कौतिकेनं इस्तारीला सांगितलं की आईला बघून यावंसं वाटतं, चार दिवसांत येते. त्यानं हो म्हटलं. मी विहिरीवर होते. ती गाठोडं घेऊन तिथं आली. घागर मी काठावर ठेवली.

"मी कोणाले सांगनार नाई, बाई," ती म्हणाली. "कधीच नाई सांगनार. पन तुमच्या संगं एका घरात मले झोप नाई येनार."

"कौतिके..."

"तुमी मले ओढून घेतलं ते खोटं नाई. पन तेही खोटं नाई."

ती गेली. चार दिवसांनी आली नाही. इस्तारी बरा झाल्यावर दोनदा आणायला गेला, दोन्ही वेळा एकटा परतला. त्यानं मला विचारलं, "तू तिले काही केलं का?" मी म्हटलं, "हो." त्याला वाटलं मी तिला टोचून बोलले असेन. त्या दिवशी त्यानं मला मारलं. मी मार खाल्ला. दुसरं काहीही सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. पुढे त्यानं तिसरी आणली नाही. सात वर्षांनी तो तापात गेला. मी पुन्हा कधी शिंगं वेचायला गेले नाही. लोक म्हणत, वाघाचा धसका घेतला हिनं.

कौतिका मला पुन्हा दिसली ती बारा वर्षांनी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तसल्याच एका मंडईत, रेवड्यांच्या दुकानापुढे. अंगानं भरली होती. तिच्या माहेरच्यांनी काडीमोड करून तिचा पाट लावून दिला होता, हे मी ऐकलं होतं. तिच्यासोबत सहा-सात वर्षांची एक पोरगी होती, लाल झग्यातली, दोन वेण्या घातलेली.

मी पळून जाणार होते. तिनं मला आधी पाहिलं. गर्दीतून पुढे आली, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि पोरीला म्हणाली, "पाया पड. मोठीआई हाये ही तुही."

पोरगी पाया पडली. मग सरळ होऊन माझ्या हातावरचं गोंदण बघायला लागली. बोट लावून विचारलं, "हे दुखते का?"

"नाई. आता नाई दुखत."

कौतिकेनं इस्तारीचं विचारलं, मी सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला. धान कसं झालं ते विचारलं, माझं पोटपाणी कसं चालतं ते विचारलं. म्हणाली, "एकटं राहू नका, बाई. आमच्याकडे येत जा." ती ते मनापासून म्हणत होती. मला माणसाचा आवाज कळतो.

पाळणा फिरत होता. पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी रेवड्यांचा पुडा घेतला आणि हात पुढे केला. "चाल. तुले पाळण्यात बसवून आणतो."

पोरगी लगेच पुढे झाली.

"जा," कौतिका हसून म्हणाली. "मोठीआई संगं जा."

पण पोरगी पुढे सरकली ती एकच पाऊल. तिचं मनगट आईच्या मुठीत होतं. तिनं हिसका दिला. "आई, सोड ना!"

कौतिकेनं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. बोटं पांढरी पडली होती. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं आणि डोळ्यांत पाणी भरत होतं, पण मूठ उघडली नाही.

मी पोरीच्या मोकळ्या हातात पुडा ठेवला.

"राहू दे," मी कौतिकेला म्हटलं. "गर्दी लय हाये. लेकराले सोडू नये."